मालकी एकाची, वहिवाट सगळ्यांची

मराठवाड्यात बांधाइतकेच वाटेचे भांडणही जुने. शेत एकाचे असते, त्यातून बैलगाडी नेण्याची वहिवाट शेजाऱ्याची. पण ती कागदावर नसेल तर एखाद्या पेरणीत नांगराखाली जाते. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करताना जे ‘एसएसएच’ वापरले जाते, त्याची वहिवाटही अशीच बुजता बुजता वाचली.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी स्थापन झाले. तेव्हा जगभर दूरच्या संगणकावर जाण्याचा नेहमीचा मार्ग ‘टेलनेट’ होता आणि त्यात पासवर्ड उघडाच तारेवरून जाई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. तिथले संशोधक ताटू इलोनेन यांनी त्यावर तोडगा म्हणून एसएसएच लिहिले आणि जुलैमध्ये मूळ कोडसह खुले केले. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, ‘व्हीएसएनएल’ने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले.

डिसेंबरात इलोनेन यांनी कंपनी काढली. त्यानंतर आवृत्तीगणिक परवाना आवळत गेला.

मग निवड अवघड झाली. १९९८ साली एसएसएच-१ मधली गंभीर त्रुटी उघड झाली. सुधारित एसएसएच-२ तयार होते, पण त्याच्या व्यावसायिक वापराला पैसे पडत. परवाना सैल ती आवृत्ती कच्ची, पक्की आवृत्ती घ्यावी तर अटी जाचक. अनेकांनी जुन्यावरच भागवले.

वाट सापडली ती जुन्या कागदात. स्वीडनचे ब्यॉर्न ग्रोनवाल यांनी पुरेसा मोकळा परवाना असलेली शेवटची आवृत्ती, १.२.१२, शोधून काढली आणि १९९९ मध्ये तिच्यातल्या चुका दुरुस्त करायला घेतल्या. कॅनडातून चालणाऱ्या ‘ओपनबीएसडी’ प्रकल्पाने ते काम उचलले, बंधने असलेला कोड काढून टाकला, आणि १ डिसेंबर १९९९ रोजी ‘ओपनएसएसएच’ लोकांपुढे आले. जून २००० मध्ये त्यात एसएसएच-२ ही आले. त्यात वापरलेल्या आरएसए या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीवर अमेरिकेत पेटंट होते. सप्टेंबर २००० मध्ये तोही अडथळा सरला.

हक्कसूचना कायम ठेवा. मग वापरा, बदला, विका, असा ओपनएसएसएचच्या परवान्याचा गाभा. म्हणूनच महाविद्यालयाची प्रयोगशाळा, एमआयडीसीतला छोटा उद्योग आणि मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी एकाच हक्काने ते वापरू शकतात. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ते मिळते.

इलोनेन यांनी सुरुवातीला कोड खुला केला नसता तर पुढे कुणाच्या हाती काहीच लागले नसते, हे श्रेय त्यांचेच. पण कोणती आवृत्ती पुढे नेता येईल, हे ठरवले तिच्यासोबतच्या परवान्याने. आपल्या प्रयोगशाळेत नवे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने त्या आवृत्तीची परवान्याची फाइल आधी उघडावी आणि ती विद्यार्थ्यांसोबत पूर्ण वाचावी.