सेरेब्रल पाल्सी: थेरपिस्टचे हात की मुलाची धडपड?

नाझी काळात जर्मनी सोडून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ यांनी १९४० च्या दशकात पती डॉ. कारेल यांच्यासह एक उपचारपद्धती मांडली. ताठर स्नायू हातांनी सैल करून मुलाला योग्य हालचाल शिकवायची. जगभरचे थेरपिस्ट ती शिकले.

२०१३ साली ऑस्ट्रेलियातील इओना नोवाक व सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास तपासले. रोजची कामं सुधारण्यासाठी ही पद्धत कमी पडते, असं दिसलं. जे काम जमायला हवं, त्याचाच मुलाने स्वतः केलेला सराव उपयोगी ठरला.

म्हणून चालू उपचार परस्पर थांबवू नका; पण बटण लावणं, चमच्याने जेवणं, यांतलं आधी काय शिकायचं ते मुलाला विचारून थेरपिस्टसोबत ठरवा. घरी रोज त्यालाच करू द्या. वेळ लागला तरी चालेल.