जुन्या कार्बाइनीची साक्ष

जुनी शस्त्रे जमविणे हा केवळ धनिकांचा षौक, असा आपला समज असतो. अमेरिकेतील तरफेच्या कार्बाइनींचा इतिहास पाहिला म्हणजे तो समज पुष्कळसा दूर होतो.

कार्बाइन म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक. चापाभोवतीची तरफ खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर पडावी व नवे काडतूस नळीत बसावे, ही युक्ती हेन्रीच्या १८६० च्या बंदुकीत साधली. विंचेस्टर कंपनीने १८६६ व १८७३ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. त्यांत कार्बाइनीही होत्या.

२५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा व शायेन योद्ध्यांनी कस्टर व त्याच्या बरोबरच्या पाच तुकड्यांचा निःपात केला. सरकारी स्वारांजवळ एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनी होत्या. योद्ध्यांजवळ हेन्री-विंचेस्टर होत्या, हे ऐकिवात होते, परंतु किती? १९८३ साली वणव्याने तेथील गवत जळाले आणि पुढील वर्षी संशोधकांना जमिनीत पुंगळ्या सापडल्या. प्रत्येक बंदुकीच्या खिळीचा ठसा निराळा. ते ठसे जुळवून किती बंदुका चालल्या व कोणती कोठून कोठे गेली, याचा माग लागला.

म्हणूनच जाणता संग्राहक जुन्या कार्बाइनीला नवी झिलई देत नाही, झिजलेली खिळी बदलीत नाही, खोगिरावर घासलेला दस्ता तासून गुळगुळीत करीत नाही. तसे केल्याने वस्तू देखणी होईल खरी. पण तिची साक्ष कायमची बुडेल.