शिंगराची चंदी

घोड्याच्या खुराकाला मराठीत 'चंदी' हा स्वतंत्र शब्द आहे. दुभत्या जनावराला आंबोण, बैलाला कडबा, तशी घोड्याला चंदी. आणि ती ज्यातून खाऊ घालावयाची त्या तोंडाला बांधण्याच्या पिशवीला तोबरा. मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद, खरारा, अगाडी-पिछाडी ही सारी शब्दसंपत्ती उगीच आलेली नाही. ज्या समाजाची दौलत घोड्याच्या पाठीवर उभी राहिली, त्याच्या भाषेत तबेल्याचे शब्द देवघरातल्या शब्दांइतके रुळले यात नवल ते काय? इंदूरची एक जुनी वस्ती पागनीस पागा म्हणून ओळखली जाते. ग्वाल्हेरीत तर 'लष्कर' हे गावाचेच नाव होऊन बसले. मात्र पागा म्हटली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो जीन कसलेला, भरात आलेला घोडा. त्याच्या आधीची चार वर्षे, ज्यांत शिंगराचा घोडा घडतो, त्यांच्याकडे बखरकारांचे लक्ष गेलेले नाही. हिशेब ठेवणाऱ्यांचे मात्र गेले होते, आणि असा एक फार जुना हिशेब कौटिल्याने नोंदवून ठेवला आहे.

'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना कौटिल्य शिंगराच्या आधी त्याच्या आईचा विचार करतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घोडी व्याली की तीन रात्री तिला प्रस्थभर तूप. पुढे दहा रात्री प्रस्थभर सातूचे पीठ आणि औषधांसह स्नेहपान. त्यानंतर शिजवलेले धान्य, हिरवा चारा आणि ऋतुमानाप्रमाणे आहार. शिंगरू दहा दिवसांचे झाले की त्याला कुडवभर पीठ, त्याच्या चौथ्या हिश्शाइतके तूप आणि प्रस्थभर दूध. हा क्रम सहा महिने. तेथून पुढे प्रस्थभर जव, आणि तीन वर्षे पुरी होईपर्यंत दर महिन्याला अर्ध्या प्रस्थाची वाढ. चौथ्या वर्षी रोज एक द्रोण. चार किंवा पाच वर्षांचा झाल्यावर घोडा पूर्ण वाढीचा आणि कामास योग्य समजावा.

हे आकडे वरवर वाचले तर रुक्ष वाटतात. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यास त्यांतली मौज कळते. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तीस महिने होतात. दरमहा अर्धा प्रस्थ वाढवीत गेले म्हणजे पंधरा प्रस्थ वाढले. मूळचा एक धरून सोळा झाले. आणि सोळा प्रस्थ म्हणजे बरोबर एक द्रोण! चौथ्या वर्षाचे माप मागच्या तीस महिन्यांच्या पायऱ्या चढून आपोआप हाती येते. हा पंडिताने घरबसल्या केलेला कल्पनाविलास नव्हे; ज्याच्या कोठारातून रोज धान्य मापून जात होते, अशा माणसाचा हा ताळेबंद आहे. कामाचे वयही पाहावे. आजच्या शर्यतींच्या मैदानावर दोन वर्षांची घोडी पळवतात; कौटिल्याच्या पागेत तेवढ्या जनावराच्या पाठीवर कोणी जीन ठेवली नसती.

दक्षिणेत मात्र चित्र निराळे होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो पूर्व किनाऱ्यावरील माबार देशात आला. तेथील राजे दरवर्षी हजारो घोडे समुद्रमार्गे आणवीत आणि त्यांतले फार थोडे वर्षअखेर जगत, हे पाहून तो चकित झाला. घोड्यांना तेथे शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालतात, असे तो लिहितो. आणि त्याहून मोलाचे म्हणजे, उत्तम घोडी उत्तम घोड्याला दाखवली तरी निपजणारे शिंगरू खुरटे आणि पाय वाकडे असलेले, स्वारीला निरुपयोगी असे असते, हेही तो नोंदवतो. पोलोने दोष हवापाण्याला दिला. दमट हवेत घोडा झुरतो हे खरेच. पण हवेने शिंगराचे पाय वाकडे होत नाहीत. त्याचे कारण तोबऱ्यात शोधावे लागते.

वाढत्या शिंगराला चार गोष्टी योग्य प्रमाणात लागतात: शक्तीसाठी धान्य, मांसासाठी प्रथिने, हाडांसाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस, आणि पोट चालते राहण्यासाठी भरपूर चारा. यांतले कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडता कामा नये. दीडपट ते दुप्पट असलेले बरे. येथेच धान्याची खोट उघडी पडते. शंभर ग्रॅम जवात कॅल्शियम सुमारे २६ मिलिग्रॅम, तर फॉस्फरस सुमारे २१५. ज्वारीचे प्रमाण जवळजवळ तेच. सडलेल्या तांदळात कॅल्शियम दहाच्या आसपास, फॉस्फरस त्याच्या सोळापट. कोंड्यात तर फॉस्फरसच फॉस्फरस. असे अन्न सतत मिळाले म्हणजे रक्तातले कॅल्शियम टिकविण्यासाठी शरीर आपल्याच हाडांतून ते काढू लागते. हाडे पोकळ होतात, जबडा आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. युरोपात पिठाच्या गिरण्यांवरचे घोडे कोंड्यावर पोसले जात, त्यांना हा रोग इतका होई की त्याला गिरणीवाल्यांचेच नाव पडले होते. मांसातही कॅल्शियम नाममात्रच. तेव्हा माबारच्या शिंगरांचे पाय का वाकत, याचा तर्क करणे अवघड नाही.

आपल्याकडचा कुळीथ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. शंभर ग्रॅम कुळथात कॅल्शियम सुमारे २८७ आणि फॉस्फरस सुमारे ३११ मिलिग्रॅम. प्रथिने बावीस टक्क्यांच्या जवळपास. हरभऱ्यात कॅल्शियम २०० च्या आसपास. इंग्रजांनी कुळथाला घोड्याचाच हरभरा म्हटले ते उगीच नव्हे. तो शिजवून घालण्याची जुनी रीतही शहाणपणाची, कारण कच्च्या दाण्यातील काही द्रव्ये प्रथिने पचू देत नाहीत. त्याच्या जोडीला हरळी किंवा लसूणघास मिळाला की उरलेली तूट भरून निघते. ज्यांना कॅल्शियम हा शब्द ठाऊक नव्हता त्यांनी हे साधले होते.

मोगलांच्या तबेल्यात खुराकाचा थाट मोठा होता. 'आईने अकबरी'त अबुल फज्लने खासगीच्या घोड्यांसाठी दाणा, पीठ, साखर, तूप यांचे रोजचे माप दिले आहे. शिंगराला आधी आईचे दूध, मग दोन गाईंचे दूध, नंतर धान्य, आणि तीन वर्षांपर्यंत दर सहामाहीस त्यात वाढ. पायऱ्यांची ही पद्धत कौटिल्याचीच आठवण करून देते. मात्र साखर-तुपाचा थाट पाहून दक्षिणेतल्या कोणा शिलेदाराने उसासा टाकण्याचे कारण नव्हते. वाढत्या जनावराला गरजेपेक्षा अधिक शक्तीचे अन्न दिले की अंग भरते, पण सांध्यांतली कूर्चा नीट हाड बनत नाही. घोट्यांशी गाठी येतात आणि देखणे शिंगरू लंगडू लागते. पहिल्या वर्षाअखेर शिंगराची उंची पुऱ्या घोड्याच्या नव्वद टक्क्यांवर पोचते, वजन मात्र दोनतृतीयांशापर्यंतच. हाडांना वाढू द्यावे, मांसाने घाई करू नये, असा निसर्गाचाच बेत दिसतो.

मराठ्यांची अडचण नेमकी उलट होती; त्यांना चिंता पुरवठ्याची. पावसाळ्यात लष्कराने छावणीस आपल्या मुलखात यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार असाव्यात, असा शिवाजी महाराजांचा शिरस्ता सभासदाने नोंदवला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेले महाराजांचे पत्र तर प्रसिद्धच आहे. जमवलेला दाणा आणि गवत आताच बेपर्वाईने उधळले तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्याचे दाणे ओरबाडाल आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हा त्यातला इशारा. दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंजी जळेल, इतके बारीक भानही त्यात आहे. अशा टंचाईत पहिली कात्री कोणाच्या तोबऱ्याला लागत असेल? स्वारीवर जाणाऱ्या घोड्याच्या नक्कीच नाही. शिंगरू हे चार वर्षे नुसते खाणारे तोंड. दख्खनच्या सत्ता गोव्याच्या आणि इतर बंदरांत उतरणाऱ्या अरबी घोड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पैसा ओतीत राहिल्या, त्यामागे शानशौकाइतकेच हे गणितही असले पाहिजे. भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टे मात्र मोकळ्या कुरणात चरून वाढली. तेथील काळ्या मातीत चुनखडी मुबलक. हाडांच्या काटकपणाचा मान काही अंशी त्या गवताला द्यावयास हरकत नाही.

पुढे कंपनी सरकारलाही तोच धडा शिकावा लागला. बिहारमधील पुसा येथे तिची घोड्यांची पैदास होती. फ्रान्समध्ये शिकलेला पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८ साली तिचा प्रमुख म्हणून आला. घोडे रोगी आणि खुजे निपजत होते; त्याने वंशावळीइतकेच खाद्याकडे लक्ष दिले आणि तेथे ओट पेरायला लावले. पण त्याच्या मनाने चांगल्या बीजाचा ध्यास घेतला होता. त्यापायी तो हिमालय ओलांडून बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ साली अफगाण मुलखात मरण पावला. पुसा हे नाव आपल्याला आज गव्हाच्या वाणांमुळे ठाऊक आहे. त्या जमिनीवर पहिले प्रयोग घोड्यांच्या चाऱ्याचे झाले, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते.

भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून २०२४ पर्यंत सरकारदरबारी नोंदली गेली. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रांत घोड्यांचा बाजार अजून भरतो. जनावराला रोज किती दूध आणि किती तूप घातले, हे तेथे अभिमानाने सांगितले जाते. गिऱ्हाईक आधी अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते पाहते, मग दात पाहते. शिंगराच्या घोट्यांवरून हात फिरवणारा जाणता क्वचितच भेटतो; आणि भेटला, तर तो पहिला प्रश्न विचारतो तो आईच्या चंदीचा.