भिंतीवरची बाग : परभणी परिसरातील छायाचित्रांचा एक दुर्लक्षित पुरावा

मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून आपण शिलालेख, कागदपत्रे, गॅझेटिअर व मौखिक परंपरा यांकडे वळतो. घराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेले छायाचित्र मात्र अभ्यासकाच्या नजरेतून सुटते. प्रस्तुत निबंधात अशा छायाचित्रांत माणसामागे दिसणाऱ्या बागेचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानातील छायाचित्रणाचा इतिहास राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्या नावाशी निगडित आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार होते. सिकंदराबादेत व १८९६ पासून मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. दरबारी छायाचित्रांतील महाल व त्याभोवतीची बाग यजमानाच्या मालकीची असे. सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती पडद्यावर रंगवलेली बाग.

या पडद्यामागे तांत्रिक कारणही होते. आरंभीच्या काचपट्ट्यांना प्रकाश अधिक वेळ द्यावा लागे आणि वाऱ्याने हललेले पान चित्रात पुसट होई. त्यामुळे युरोपातील स्टुडिओंनी बागच कापडावर उतरवली. कमान, कठडा, जिना, वेली ही ठरलेली सामग्री पुढे भारतातील लहान गावांपर्यंत पोहोचली. फिल्म आल्यावर हे कारण उरले नाही, तरी पडदा राहिला. कृष्णधवल फिल्मवर ही बाग अर्थातच करडी उमटे. हिरवा रंग हवा असल्यास छायाचित्रावर तो हाताने भरला जाई.

दुष्काळी प्रदेशातील माणसाने हिरवळीची हौस भिंतीवर भागवली, असे अनुमान येथे सहज सुचते. १९७२ चा दुष्काळ आठवला की ते पटतेही. पण ते टिकत नाही. असेच पडदे पावसाळी कोकणात व बंगालमध्येही होते. शिवाय गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची काळी जमीन खरिपात हिरवीच असते. ते हिरवेपण चौकटीत आले नाही, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याच्या घरी भिंतीवर ज्वारीचे वा कापसाचे शेत नाही, बाग आहे. शेत म्हणजे कष्ट, सारा आणि सावकार. बाग म्हणजे पीक न देताही राखता येणारी जमीन. कोट घालून कठड्याला टेकलेला माणूस काही क्षण त्या जमिनीचा धनी होतो. याला केवळ अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरेल.

रंगीत फिल्म सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर खरी उद्याने, आणि छापील 'सिनरी'तील परदेशी ताटवे, भिंतीवर आले. येथे एक विपर्यास दिसतो. कृष्णधवल प्रतिमा चांदीची असते. नीट धुतलेली असल्यास ती दीर्घकाळ टिकते. रंगीत प्रतिमेतील रंगद्रव्ये मात्र असमान गतीने विटतात आणि हिरवळ पिवळट वा तांबूस होते. खरी बाग विटली, रंगवलेली टिकली.

आता घरे नव्याने बांधताना जुन्या चौकटी प्रथम बाहेर जातात. छायाचित्राच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, गाव व क्वचित तारीख असते. काळनिश्चितीसाठी अनेकदा तेवढाच आधार असतो. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी गावोगावच्या विद्यार्थ्यांकरवी या छायाचित्रांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती करून घ्याव्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांना, चित्रातील कोट कोणाचा होता, हेही विचारून ठेवावे.