नळदुर्गात मुक्काम नको, गढ्यांत चालेल

पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की नळदुर्गला सोलापूर-लातूरच्या गाड्यांची रांग लागते. आणि गर्दीत कुणीतरी म्हणतंच, "राजस्थानात वाड्यांची हॉटेलं झाली, आपल्याकडं का नाही?" प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तराआधी थोडा इतिहास बघू.

पाणीमहाल 1613 चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल. वरून पाणी कोसळतंय, आत माणूस कोरडा! 1686 मध्ये विजापूर पडलं आणि हा मुलूख मुघलांकडं गेला, पुढं निजामाकडं. 1853 च्या तहानंतर इंग्रजांचा कारभार आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गातून जिल्हा चालवायचा. 1860 मध्ये जिल्हा परत निजामाला मिळाला. राज्यकर्ते बदलत गेले, पण किल्ला वापरात राहिला. पुढं जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला हललं आणि नळदुर्ग मागं पडला. वास्तूला ऊन-पावसापेक्षा रिकामेपण जास्त खातं.

2014 मध्ये राज्य सरकारनं महाराष्ट्र वैभव संगोपन योजनेत हा किल्ला सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्सला 10 वर्षांसाठी सांभाळायला दिला. झाडोरा निघाला, बागा झाल्या, बोटिंग सुरू झालं. मालकी सरकारची, देखभाल खासगी. ही पद्धत मला पटते. फक्त अशा करारात मुदतीनंतर पुढं कोण सांभाळणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असावं.

हॉटेल मात्र वेगळी गोष्ट आहे. सप्टेंबर 2019 मध्ये किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी देण्याच्या धोरणावरून राज्यभर गदारोळ झाला. संरक्षित किल्ले देणार नाही, फक्त अवर्गीकृत किल्ल्यांचा विचार आहे, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो राग नुसता भावनेचा नव्हता. मुक्कामाची खोली म्हटली की संडास-बाथरूम आलं, पाइप आले, एसी आला. 400 वर्षांच्या भिंतीला भोकं पाडायची कुणी? आणि आज तिकीट काढून आत जाणारा शेतकरी उद्या हॉटेलच्या गेटवर अडवला जाणार नाही, याची हमी कोण देणार?

मग मुक्काम कुठं करायचा? माझं उत्तर: गावोगावच्या गढ्यांत आणि वाड्यांत. सासवडजवळची जाधवगढी पिलाजी जाधवरावांनी 1710 मध्ये बांधली. आज तिथं हॉटेल चालतं. आपल्या मराठवाड्यात मात्र गढीची पांढरी माती माळवदावर टाकायला नेतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. गढी थोडी थोडी करून गावाच्या डोक्यावर गेली!

यात अजून एक अडचण आहे, ती आपल्यालाच कळते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूरइतकाच आपला जिल्हाही हादरला. सास्तूरचं नाव अजून विसरलेलो नाही. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. तेव्हापासून दगडी घरात झोपायची भीती बसली, आणि ती खोटी नाही. पण दोष एकट्या दगडाचा नव्हता. भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंफणारे आरपार दगड नव्हते, चिखलाचा सांधा कच्चा होता आणि वर मातीचा थर साचत गेला होता. आरपार बांधणी केली, छताचं ओझं कमी केलं, सगळ्या भिंती पट्ट्यानं एकत्र बांधल्या, तर जुना वाडाही मजबूत करता येतो. हे न करता नुसता रंग मारून कुणी 'हेरिटेज' पाटी लावली, तर तो पाहुण्यांच्या जिवाशी खेळ होईल.

म्हणून मागणी साधी आहे. तालुकावार गढ्यांची यादी करा. इंजिनिअरकडून तपासणी होऊ द्या. मालकी वारसांकडंच राहू द्या, करारात गावच्या पोरांना काम लिहून द्या. आणि नळदुर्ग, परंडा सगळ्यांसाठी उघडे ठेवा. दिवसभर किल्ला बघावा, रात्री गढीत उतरावं.

तुमच्या गावच्या गढीची आज काय अवस्था आहे? लिहा, फोटो टाका. यादी आपणच सुरू करू.