दाखल्यावरील एक रकाना

दरवर्षी परीक्षेचा निकाल लागला की शाळेच्या कचेरीत दाखल्यांचा ढीग पडतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात मी आजवर शेकडो वेळा ‘चांगली’ हा एकच शब्द लिहिला आहे. एके वर्षी दाखला न्यायला आलेला एक मुलगा सहज म्हणाला, “गुरुजी, सगळ्यांचीच चांगली, तर मग लिहायचे कशाला?” मी हसलो खरा, परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

वास्तविक या बाबतीत आपली मराठी मुळीच दरिद्री नाही. फारसीतून आलेला ‘नेक’ माणूस आपण आपलासा केला. ‘करार’ अरबीतला, पण शब्द दिला की न ढळणारा ‘करारी’ माणूस आपल्याच ओसरीवर बसलेला दिसतो. सोन्याप्रमाणे व्यवहारही ‘चोख’ असतो. ज्याच्यावर डाग नाही, तो ‘धुतल्या तांदळासारखा’. पापाला भिणारा तो ‘पापभीरू’. आणि ज्याला स्पृहा, म्हणजे हाव, उरली नाही तो ‘निःस्पृह’. यांतले शेवटचे दोन शब्द आपण एकाच मापाने वापरतो. तथापि त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. आणि ते कोशापेक्षा इतिहास अधिक चांगले समजावून देतो.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे काशीला शिकून आले आणि थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत (१७६१ ते १७७२) पुण्याचे मुख्य न्यायाधीश म्हणून नावाजले. पण ज्या प्रसंगाने त्यांचे नाव घरोघर गेले, तो माधवरावांच्या मृत्यूनंतरचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी कोवळ्या नारायणरावांचा खून केला. पुतण्या गेला आणि पेशवाई चुलत्याच्या, रघुनाथरावांच्या हाती आली. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, तेव्हा दोषाचा माग थेट नव्या धन्यापर्यंत पोहोचला. प्रायश्चित्त कोणते, असे विचारले गेले तेव्हा देहान्तावाचून दुसरे नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने १८२६ साली छापलेल्या ग्रंथातही ही हकीकत नोंदली आहे. वाईजवळच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले. पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांना सन्मानाने परत आणले गेले. १७८९ साली ते वारले.

मौज अशी की, या एकाच घटनेने मराठीला दोन बोल दिले. हुकमातले ‘धरावे’ खोडून आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. कागदोपत्री ते सिद्ध नाही. पण ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. दुसरा बोल म्हणजे ‘रामशास्त्री बाणा’. गुन्ह्याला एक अक्षर पुरले. त्याला उत्तर द्यायला मात्र एका माणसाला आपले पद, पगार आणि राहते गाव द्यावे लागले. इतकी किंमत मोजली, तेव्हा कुठे त्या माणसाचे नाव भाषेत शब्द होऊन राहिले!

आता माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका वजनदार गृहस्थांच्या मुलाचे पाच गुण वाढवावेत, असा मला निरोप आला. मी ते वाढवले नाहीत. पण ‘नाही’ असेही म्हणालो नाही. उत्तरपत्रिका एका सहकाऱ्याकडे सरकवली आणि दोन दिवसांची रजा टाकली. माझे हात स्वच्छ राहिले. काम मात्र व्हायचे तसे झाले. त्या दिवशी मला पापभीरू आणि निःस्पृह यांतला फरक कळला. पापभीरू माणूस स्वतःपुरते पाप टाळतो. निःस्पृह माणसाला गमावण्याचे भय नसते, म्हणून तो दुसऱ्याचे पापही तोंडावर सांगू शकतो. लोक मला सरळमार्गी म्हणतात, तेव्हा मला त्या दोन दिवसांच्या रजेची आठवण होते.

प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली पडद्यावर आला, तो वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आपल्यापैकी कित्येकांच्या कानांवर असेल. फराळाच्या ताटाभोवती मुले जमतील तेव्हा त्यांना ही गोष्ट अवश्य सांगा. पण ती न्यायासनाशी संपवू नका. वाईच्या वाटेपर्यंत न्या. न्यायासनावर बसून निर्णय देणारे पुष्कळ असतात. निर्णय दिल्यावर बाडबिस्तरा बांधून निघण्याची ज्याची तयारी असते, त्याच्यासाठीच भाषा एखादा शब्द राखून ठेवते.

यंदाही मी दाखल्यांवर ‘चांगली’ असेच लिहिले. दुसरे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण प्रत्येक मुलाच्या हाती दाखला देताना मनाशी म्हणालो, “बाबा रे, हा रकाना मी नुसता भरला आहे. त्याची किंमत तुला पुढे मोजायची आहे.”