करवतीमागची पाचर

पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट मराठी घरांत लहानपणीच सांगितली जाते. देवळाचं बांधकाम चालू आहे, सुतार जेवायला गेलेत, अर्धवट चिरलेल्या लाकडात पाचर ठोकलेली आहे. माकड ती उपटतं, चीर मिटते आणि माकड जिवाला मुकतं. नसत्या उठाठेवी करू नयेत, एवढाच बोध आपण त्यातून घेतो. पण गोष्टीतलं लाकूड नीट पाहिलं तर सुतारकामातली एक जुनी नोंद हाती लागते. पंचतंत्रात ती पाचर खैराची आहे, म्हणजे चिरडली न जाणाऱ्या कठीण लाकडाची. हितोपदेशात तो खांब करपत्राने चिरला जात असल्याचं स्पष्ट म्हटलंय, आणि करपत्र म्हणजेच आपली करवत. शब्दसुद्धा तिथूनच आला. करवतीच्या मागे पाचर ठोकण्याची रीत तेव्हा इतकी नेहमीची होती, की ती समजावून सांगण्याची गरज कथाकाराला वाटली नाही. आज टेबल-सॉच्या गोल पात्यामागे पोलादाची एक चंद्रकोरीसारखी वाकलेली पट्टी उभी असते. ती या पाचरीच्याच कुळातली आहे. घरी वर्कशॉप मांडणारे अनेक जण ती अडचण समजून काढून ठेवतात. ती कशासाठी जन्मली हे कळलं तर काढणार नाहीत, म्हणून ही कुळकथा मांडावीशी वाटते.

चीर मिटते कशामुळे? झाड उभं असताना त्याच्या खोडात ताण साठलेला असतो: बाहेरचे थर ओढलेले, गाभा दाबलेला. कललेल्या खोडात आणि फांदीत तो आणखी वाकडातिकडा असतो. लाकूड वाळताना वरचा थर आधी आकसतो, आतला नंतर, आणि त्याची ओढाताणही लाकडात मुरून राहते. फळी अखंड असेपर्यंत हे सगळं एकमेकांना तोलून धरतं. रेषेच्या अंगाने चिरायला लागलं की तोल सुटतो, आणि कापलेले दोन्ही भाग एकमेकांपासून फाकतात किंवा एकमेकांकडे झुकतात. झुकले की करवत धरली जाते. करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वाकवून चीर पात्यापेक्षा रुंद ठेवतात, पण लांब कापात तेवढ्याने भागत नाही. मग ढलपीची पाचर करून चिरेत मारायची. मराठीत ‘पाचर मारणे’ म्हणजे चालत्या कामात खोडा घालणे; करवतीपुरतं मात्र पाचर मारली तरच काम पुढे चालतं. हातकरवत अडली तर होतं एवढंच की करवत थांबते, हात थांबतो. नुकसान वेळेचं.

करवत गोल झाली आणि हा हिशेब बदलला. गोल करवतीचं श्रेय पुष्कळदा अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईंना देतात, साल 1813 सांगतात. पण इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या 1777 च्या पेटंटात गोल करवत आहे. शोध कोणाचाही असो, या पात्याच्या मागच्या अंगाकडे बघायला हवं. पुढचे दात खाली येत लाकूड कापतात आणि टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात. चीर मिटून लाकूड त्या मागच्या दातांना टेकलं, की ते उचललं जातं आणि पात्याच्या माथ्यावरून थेट काम करणाऱ्याच्या अंगावर येतं. 10 इंची पातं मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास भरतो. फळी जवळपास त्या वेगाने सुटू शकते, आणि तिच्यावर ठेवलेला हात आधाराशिवाय पात्याकडे ओढला जाऊ शकतो. ‘बोट मशीनमध्ये गेलं’ असं आपण म्हणतो. अशा अपघातात बोट गेलेलं नसतं, लाकडाने नेलेलं असतं.

पाचर आणि ही पट्टी यांचं नातं केवळ दिसण्यापुरतं आहे, असा आक्षेप घेता येईल. पाचर चीर रेटून उघडते. पट्टी काहीच रेटत नाही, नुसती उभी राहते. फरक खरा आहे. पण पट्टीची नावं पाहा. जर्मनमध्ये ती ‘स्पाल्टकाइल’. ‘काइल’ म्हणजे सरळ पाचर. इंग्रजीत ‘रिव्हिंग नाइफ’, त्यात ‘रिव्ह’ म्हणजे लाकूड रेषेने फोडणं. हे काम पाचरीचंच, सुरीचं नव्हे. नावांहून भक्कम पुरावा कायद्यात आहे. ब्रिटनच्या 1922 च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमावलीने ही पट्टी गोल करवतीमागे सक्तीची केली आणि तिचं अंगन् अंग ठरवून दिलं: करवतीकडची कड गोलाईत हवी, टेबलाच्या पातळीवर दातांपासून अर्ध्या इंचापेक्षा लांब नको, आणि 24 इंचांहून लहान करवतीला माथ्याच्या एक इंच खालपर्यंत तरी पोचायला हवी. पट्टीची जाडीही महत्त्वाची आहे. पट्टी पत्र्याहून जाड असेल तरच मिटणारी चीर आधी पट्टीवर येऊन थांबते, पात्यापर्यंत पोचत नाही. बोटं झाकण्यासाठीची वस्तू असती, तर जाडीला एवढं महत्त्व नसतं. महाराष्ट्राच्या 1963 च्या फॅक्टरी नियमांत हीच पट्टी जवळपास त्याच शब्दांत आली. पण 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या मूळ व्याख्येत यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना म्हणजे 10 किंवा अधिक कामगारांचा. तीन माणसांचं सुतारकाम त्यात बसत नव्हतं. घराच्या गच्चीवरचं तर नाहीच.

‘आम्ही चाळीस वर्षं पट्टीशिवाय काम केलं, काही झालं नाही’ हा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप. अनुभवाला मी कमी लेखत नाही. फळी कशी धरावी, कुठे उभं राहावं, हे अनुभवच शिकवतो. पण फळीच्या आतला ताण डोळ्यांना दिसत नाही, आणि तो कितव्या इंचावर सुटेल हे चाळीस वर्षांचा कारागीरही सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पट्टी असली की खाच पाडता येत नाही. जुन्या अमेरिकन यंत्रांबाबत हे अगदी खरं होतं. तिथे फाळणीची पट्टी आणि वरचं झाकण एकात एक जोडलेलं असे, पात्यापेक्षा उंच. आरपार न जाणारी खाच पाडायची तर सगळं सोडून ठेवावं लागे, आणि सोडलेलं परत लावण्याचा कंटाळा कोणाला येत नाही? युरोपातली पट्टी पात्याच्या माथ्याखाली राहते आणि पात्याबरोबर वर-खाली होते. खाच पाडताना ती काढावीच लागत नाही. अमेरिकेच्या सुरक्षा-मानकात अशी पट्टी 2008 च्या सुमाराला आली, तीही आधी नव्या रचनेच्या यंत्रांपुरती. 2015 या एका वर्षात तिथे टेबल-सॉच्या सुमारे 33,400 जखमा इस्पितळांच्या तातडीच्या विभागात पोचल्याचा सरकारी अंदाज आहे, त्यांतल्या 30,500 पात्याला लागून झालेल्या.

आता बोट लागताच थांबणारं पातंही आहे, मग पट्टीचं काय काम, असं विचारलं जातं. भौतिकशास्त्राचे अभ्यासक आणि पेटंट-वकील स्टीफन गॅस यांनी 1999 मध्ये ही कल्पना हाती घेतली. पात्यावर सोडलेला विजेचा बारीक संकेत त्वचा लागली की बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून काही हजारांश सेकंदांत ते थांबवतो. मोठं काम आहे ते. किती हात त्याने वाचवले असतील. तरी त्या यंत्रातही पात्यामागे पट्टी आहेच. ब्रेक कातडी ओळखतो. मिटणारी चीर त्याला कळत नाही, आणि छातीवर येणारी फळी तो रोखू शकत नाही. शिवाय एकदा ब्रेक लागला की ठोकळा जातो, बहुधा पातंही जातं. पट्टी काहीही न मोडता तिथेच उभी असते.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी टेबल-सॉ म्हणजे प्लायवुडच्या फळीला खालून उलटा बांधलेला कटर. त्यातही दगड कापायचा मार्बल कटर असला, तर तो मिनिटाला 12-13 हजार फेरे घेतो, आणि त्यावर लाकडाचं दातेरी पातं चढवलेलं असतं. अशी जोडणी करू नये, हे पहिलं. बाकी कुठल्याही टेबल-सॉवर विकतची पट्टी बसवताना दोन मापं घ्यावीत: पात्याच्या पत्र्याची जाडी आणि दातांनी पडणाऱ्या चिरेची रुंदी. पट्टी या दोन्हींच्या मधल्या जाडीची हवी. पातळ दातांचं नवं पातं आणलं आणि पट्टी जुनीच ठेवली, तर फळी पट्टीवरच अडते आणि दोष पट्टीला मिळतो. पट्टी नसलेल्या टेबलावर काही कारागीर करतात ते असं: पात्याभोवतीची झडप काढून त्या मापाची लाकडी झडप बनवायची, पात्यानेच तिला चीर पाडायची, पात्याच्या मागे चीर सरळ रेषेत थोडी वाढवायची आणि तिथे कठीण लाकडाची, चिरेला बरोबर बसेल अशी चीप सरसाने उभी चिकटवायची. टेबलाच्या वर बोटभर आली तरी पुरते. खैर मिळाला तर उत्तमच.